ओवेन कूपरचं कौतुक आणि आमच्या पोरींचा हेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओवेन कूपर या इंग्लंडच्या पोरावरचा आपला अग्रलेख वाचला त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते. पण रागात लिहिलेलं सकाळी परत वाचावं, असं मीच पोरांना आयुष्यभर सांगत आले, म्हणून एक दिवस थांबले. राग काही उतरला नाही. तेव्हा आता पाठवते.

आधी एक दुरुस्ती. ओवेन कूपर हा अभिनयाचं एमी (टीव्हीवरच्या कामाचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार) मिळवणारा 'आजवरचा सर्वांत लहान कलाकार', असं आपण ठोकून दिलंत. ते मिळालं तेव्हा तो १५ वर्षांचा होता आणि पुरुषांमध्ये सर्वांत लहान ठरला. रोक्साना झाल या मुलीला १९८४ साली एमी मिळालं तेव्हा ती १४ वर्षांची होती. मुलांमधला आधीचा मान स्कॉट जेकोबीचा, १९७३ साली, वय १६. रोक्साना मुलगी, म्हणून मोजायची राहिली असेल. चालायचंच.

आता मुद्द्याचं. तिकडचा पोर १५व्या वर्षी जग जिंकतो आणि आमची पोरं मोबाईलमध्ये बुडालेली, असा सूर आपण लावलात. अहो, ज्या 'अ‍ॅडोलेसन्स'साठी त्याला हे पारितोषिक मिळालं, ती मालिकाच मुळी तिकडच्या पोरांच्या मोबाईलमधून डोक्यात शिरणाऱ्या विषावर आहे! १३ वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो, अशी ती गोष्ट. चारच तर भाग आहेत. तेवढे बघून अग्रलेख लिहायला हरकत नव्हती.

मी पाहिले, भाच्याच्या घरी, इंग्रजी अक्षरं वाचत वाचत. तिसरा भाग दोनदा पाहिला. एक खोली, एक टेबल, हा मुलगा आणि समोर मानसशास्त्रज्ञ बाई. कॅमेरा सुरू झाला की भाग संपेपर्यंत थांबत नाही, मालिकेचा प्रत्येक भागच तसा घेतलाय. आधी तालमी, मग अथपासून इतिपर्यंत एका दमात, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात हा तिसरा भाग म्हणे सगळ्यांत आधी चित्रित झाला, म्हणजे पोराचं कॅमेऱ्यासमोरचं पहिलंच काम हे. मध्येच त्याला खरीखुरी जांभई आली. समोरच्या एरिन डोहर्टीनं न अडखळता विचारलं, मी कंटाळा आणतेय का तुला? तो किंचित हसला आणि दोघंही पुढं गेली. ते तसंच ठेवलं. याला आम्ही रंगमंच म्हणतो, साहेब. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनांत मी हे वर्षानुवर्षं बघितलंय. राजाची मिशी गळून पडते आणि सहावीतला प्रधान ती उचलून 'महाराज, आपली मिशी' म्हणत अदबीनं हातात देतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणून 'आपल्याकडे असे ओवेन का घडत नाहीत?' हा आपला प्रश्न मला फार लागला. घडतात की. दारातून परत पाठवले जातात.

कोरोनाच्या आधीची गोष्ट. आठवीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीला घेऊन कोल्हापूरला गेले होते, एका मालिकेसाठी मुलं निवडणार होते म्हणून. पहाटे खानापुरातून निघालो, बेळगावला बस बदलली. वडील शेतमजूर, त्यांचा एक दिवस बुडायला नको म्हणून मी सोबत. मंगल कार्यालयाचा हॉल, फ्रॉकला सेफ्टी पिनेनं लावलेला नंबर, टेबलामागं लॅपटॉप घेऊन बसलेला एक तरुण आणि दोन मुली. आई दवाखान्यात आहे आणि पोर दाराशी बसून राहिलीय, असा प्रसंग दिला. पोरगीनं कागद एकदा वाचला, बाजूला ठेवला आणि सुरू केलं. 'तू आल्याशिवाय मी हलणार नाही, मी इथंच थांबतो.' तिच्या डोळ्यात पाणी उभं राहिलं होतं. माझ्याही.

तो तरुण हसला. म्हणाला, 'थांबतो? अगं, तू मुलगा आहेस का?' शेजारच्या दोघीही हसल्या.

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, हे आपल्याला सांगायला नको. इकडं खानापूर-निपाणीपासून तिकडं कोल्हापूरपर्यंत तीच तऱ्हा. कन्नडात 'मी' म्हणून बोलताना बाई-पुरुष वेगळे पडत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे, एवढी देवाणघेवाण होणारच. मी व्याकरण शिकवण्यात नोकरी घालवली, पण घरात आजही 'येतो'च म्हणते. आणि कमाल म्हणजे हे चाललं होतं कोल्हापुरात! हॉलच्या बाहेरची चहावाली 'देतो की, बसा' म्हणत होती.

पोरगीला पुन्हा करायला लावलं. तिनं 'थांबते' म्हटलं. पण सगळा जीव त्या 'ते'वर गोळा झालेला. आई कुठं, दवाखाना कुठं, काहीच उरलं नाही. निकाल तिथंच मिळाला : 'फेस चांगला आहे, पण लँग्वेज क्लिअर नाही.' परतीच्या बसमध्ये ती संकेश्वर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, 'बाई, मी चुकलो काय?' आणि लगेच जीभ चावली.

पुढं ती मालिका लागली. त्यात घरकामाची बाई होती, तिच्या तोंडी मात्र 'येतो की वो, जातो की वो' असं भरभरून. वेडंवाकडं, आमच्या कानाला टोचेल असं, आणि प्रत्येक वाक्याला मागून खुसखुशीत संगीत. म्हणजे आमची बोली चालते, भांडी घासायला आणि हशा पिकवायला. आईसाठी रडायला चालत नाही.

आता त्या ओवेनकडं बघा. वॉरिंग्टनचा मुलगा, लंडनपासून लांब. मँचेस्टरमधल्या नाट्यवर्गात जायचा. सुमारे ५०० मुलांमधून त्याला निवडला, आणि उत्तर इंग्लंडचा हेल काढून ये मग बघू, असं कुणी म्हटलं नाही. मालिकेत तो त्याच हेलात बोलतो आणि एमी हातात घेतल्यावरही त्याच हेलात बोलला. तीन वर्षांपूर्वी मी कुणीच नव्हतो, असं तो स्टेजवरून म्हणाला. हे वाक्य आपण मोठ्या टायपात छापलंत. माझ्या पोरगीचंही वय तेव्हा तेवढंच होतं. ती आज बेळगावच्या शहापुरात साड्यांच्या दुकानात उभी असते. गिऱ्हाईक बघून मराठी, कन्नड, हिंदी अशी सफाईनं बदलते की बघत राहावं. मालक खूश आहेत.

लहान वयातलं यश पोरांना पचत नाही, ही आपली काळजीही वाचली. आमच्या पोरांच्या ताटात अजून काही वाढलेलंच नाही, तेव्हा अजीर्णाचं नंतर बघू. आणि उदाहरण हवंच असेल तर परदेशापर्यंत कशाला जायचं? बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ पोरवयातच मैफली गाजवत होता. 'कुमार गंधर्व' ही पदवीसुद्धा बालपणीच मिळाली. ती मिळाल्यावर त्याला मुंबईला गायनगुरू बी. आर. देवधरांकडं धाडलं आणि टाळ्या बाजूला ठेवून पोर वर्षानुवर्षं शिकत बसलं. बिघडलं नाही. घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्याला मराठी गाणं गायला कुणी अडवलं नाही. आपल्या बेळगावातल्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे. तिथं मुलांच्या नाटकांना वर्षातून किती तारखा मिळतात, याची चौकशी आपल्या वार्ताहरानं एकदा करावी.

१ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन आणि आमचा काळा दिन, आला की सीमाभागातली मराठी कशी जपली पाहिजे यावर आपण पान भरून लिहिता. मीही दरवर्षी वाचते, कापून ठेवते. पण त्या मराठीत बोलणारी पोर हसं करून परत पाठवली जाते, तेव्हा जपणारे कुठं असतात? त्या वेळी मी आपल्याच कार्यालयात पत्र दिलं होतं. छापलं नाही. जागा नसेल. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या बालनाट्याला बक्षीस मिळालं, ती बातमी मात्र आपण छापलीत, आतल्या पानावर, प्लॉटच्या जाहिरातीखाली, पाच ओळी. फोटो होता. त्यात शाल घेणारे पाहुणे होते, शाल देणारे अध्यक्ष होते, मागं बॅनरवर शाळेचं अर्धं नाव होतं. मुलं नव्हती. माझ्या पोरगीनं ते कात्रण तरी वहीत चिकटवून ठेवलं होतं.

मालिकावाल्यांना आपला शब्द लागतो, माझा लागत नाही. पुढच्या वेळी कोल्हापूर-बेळगावात मुलं निवडायला कुणी आलं, तर एक वार्ताहर त्या हॉलमध्ये पाठवा. नंबर लावलेल्या पोरांना काय काय ऐकवलं जातं ते नुसतं लिहून आणू दे. अग्रलेख नको, बातमी चालेल.

कळावे,
आपली
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर

ता. क. रविवारची पुरवणी आमच्याकडं सोमवारी येते, कधी कधी येतच नाही. एजंट म्हणतो गाडीतूनच येत नाही, गाडीवाला म्हणतो एजंटला विचारा. वर्गणी मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला न चुकता मागायला येतात.