कपड्यांचा कुबट वास, बोअरचे पाणी आणि वाढती पावडर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, यावर आपल्या वृत्तपत्रात अनेकांनी लिहिले आहे आणि यापुढेही लिहावे लागेल असे दिसते. पाण्याच्या या खेपांचा धुण्यावर काय परिणाम होतो, हे मात्र फारसे कोणी मांडत नाही. धुऊन वाळवलेल्या टॉवेलला, बनियनला किंवा मुलांच्या खेळाच्या टी-शर्टला कुबट वास येतो ही तक्रार घरोघरी आहे आणि उपाय म्हणून सर्रास पावडर वाढवली जाते. माझे म्हणणे असे की, आपल्या गावात ही वाढवलेली पावडरच पुष्कळदा वास धरून ठेवते.

नळाचे पाणी पिण्यासाठी राखून धुणे बोअरच्या पाण्यावर काढण्याची पद्धत अनेक सोसायट्यांमध्ये आहे. बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असे आहे. अशा पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट पांढरी साय होते आणि ती कापडाच्या धाग्यांत जाऊन बसते. पावडरीचे तसे होत नसले तरी तिची बरीचशी शक्ती क्षारांना आवरण्यातच खर्च होते, मळ मागे राहतो, म्हणून आपण आणखी पावडर घालतो. मग ती खळबळून काढायला पाणी पुरत नाही. मळ, अंगाचे तेल आणि न निघालेली पावडर यांचा जो थर कापडावर चढतो, त्यातच वासाचे जिवाणू वाढतात. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी धुतलेला, कोरडा, पण वास येणारा टॉवेल बादलीभर गरम पाण्यात नुसता टाकावा आणि हाताने ढवळावा. पावडरीचा कणही न घालता पाणी पांढुरके होते आणि वर फेस येतो.

दुसरे कारण पाण्याच्या वाराचे आहे. पाणी येईपर्यंत मळके कपडे बादलीत किंवा झाकणाच्या टोपलीत दाबून ठेवले जातात. त्यात घामाने भिजलेले बनियन असतात, ओले टॉवेल असतात, पायमोजेही असतात. ताज्या घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. तो जिवाणूंमुळे येतो आणि जिवाणूंना ओल, ऊब व तेलकटपणा या तिन्ही गोष्टी त्या टोपलीत आयत्या मिळतात. धुतल्यानंतर दमट राहिलेल्या कपड्यांच्या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. पॉलिएस्टरचा शर्ट सुतीपेक्षा जास्त वास मारतो, हा घराघरातला अनुभवही २०१४ मध्ये बेल्जियममधील अभ्यासाने खरा ठरवला. म्हणून मळका कपडा टोपलीत टाकण्याआधी दोरीवर वाळवून घ्यावा. आपल्याकडच्या उन्हात त्याला अर्धा तास पुरतो आणि या उपायाला छदामही लागत नाही.

जुना, मुरलेला वास काढायचा असेल तर धुण्याच्या सोड्याला पर्याय नाही. दहा लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आधी पूर्ण विरघळवावा, पाच मिनिटे थांबावे, मग टॉवेल, बनियन, उशांचे अभ्रे त्यात तास-दीड तास भिजत ठेवावेत. सोडा पाण्यातील क्षार बाजूला काढतो आणि अंगाचे तेल सोडवतो. त्यानंतर नेहमीच्या निम्मी पावडर पुरते. जुन्या धोबीभट्टीत सोड्याच्या पाण्यात भिजवलेले कपडे वाफेवर चढवत, ते याच कारणाने. भट्टीच्या कपड्यांची सर यंत्राच्या धुण्याला अजून आलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रेशीम आणि लोकर यांना मात्र सोडा लावू नये, त्यांच्यासाठी रिठाच बरा. सोडा ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही कालवू नये आणि हातमोजे नसतील तर काठीने ढवळावे. पांढऱ्या सुती कपड्यांना ऑक्सिजन ब्लीच चांगले लागू पडते, पण तेही गरम पाण्यातच. निळीने पिवळेपणा झाकला जातो, मळ जात नाही.

येथे एका गोष्टीचा कंटाळा आला आहे, ती लिहितोच. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून कपडे धुण्याचे व्हिडिओ मोबाइलवर सतत फिरतात. दोन्ही एकत्र आले की फसफसून एकमेकांना मारतात आणि उरते ते जवळपास मिठाचे पाणी. फसफसण्याला लोक साफसफाई समजतात. व्हिनेगर वापरायचेच असेल तर शेवटच्या पाण्यात, एकटे वापरावे. एवढ्याने निदान नुकसान तरी होत नाही. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे ॲसिड मिसळले तर मात्र विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात ही चूक जिवावर बेतू शकते.

आता जाड मळाविषयी. आपल्या जिल्ह्यातली काळी माती अतिशय बारीक कणांची असते. शेतातून आलेली पँट ओली असतानाच चोळली की चिखल धाग्यांत आणखी खोल जातो, म्हणून ती पूर्ण वाळू द्यावी, कडक ब्रशने झटकावी आणि मगच पाण्यात घालावी. पहिले पाणी नुसते, साबणाविना घ्यावे; त्यासाठी बोअरचे पाणी किंवा मागच्या धुण्याचे खळबळलेले पाणी चालते. नळाचे पाणी प्रत्यक्ष धुण्यासाठी आणि शेवटच्या खळबळण्यासाठी राखावे. यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर तेल आणि कापसाची भुकटी एकत्र बसते. तेथे पाण्याआधी, कोरड्या डागावरच भांड्यांचा द्रव साबण बोटाने चोळून पंधरा मिनिटे ठेवावा. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत कपड्याला इस्त्री लावू नये, उष्णतेने तो पक्का होतो. रक्ताचे आणि दुधाचे डाग थंड पाण्यात काढावेत, गरम पाण्याने ते बसतात.

वॉशिंग मशीनबद्दल थोडेच. समोरून उघडणाऱ्या यंत्राच्या दाराची रबरी कड उलटून पाहावी, तेथे काळी बुरशी आणि केस साचलेले दिसतात. ती पुसावी, पावडरीचा कप्पा धुवावा आणि काम झाल्यावर दार उघडे ठेवावे. कपडे दाबून कोंबले तर यंत्र फिरते, पण मळ निघत नाही.

कंडिशनरचा तर टॉवेलशी संबंधच नको. त्याचा मऊ थर टेरीच्या फाशांवर बसला की टॉवेल पाणी टिपणे सोडतो आणि वास पकडू लागतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे, तरी टॉवेल पाणी टिपत नाही म्हणून मालाला दोष देणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे. चादरीचे म्हणाल तर ती जाड असल्याने वरून कोरडी लागली तरी काठाशी आणि घडीच्या जागी दमट असते. ती उलटून दोन्ही बाजूंनी उन्हात टाकावी आणि काठ चिमटीत धरून पाहिल्याशिवाय घडी घालू नये.

या संदर्भात दोन मागण्या आहेत. महापालिकेने नळाच्या पाण्याची आणि प्रभागांतील सार्वजनिक बोअरच्या पाण्याची कठीणता तपासून ती संकेतस्थळावर आणि पाणीपट्टीच्या बिलावर छापावी. नागरिकाला आपल्या पाण्याचा आकडा माहीत असेल तर सोडा आणि पावडर किती घ्यावी, हे तो स्वतः ठरवेल. टॉवेल आणि चादर बनवणाऱ्या आपल्या कारखानदारांनीही प्रत्येक मालासोबत धुण्याच्या सूचनांची एक चिठ्ठी द्यावी आणि ती मराठीबरोबर कन्नड व तेलुगूतही असावी. हा माल विणणारे आणि वापरणारे दोघेही गावात या तिन्ही भाषा बोलतात. कंडिशनर नको, पहिली धुलाई वेगळी, सोडा किती, पूर्ण वाळवून घडी, एवढे चार शब्द त्यावर असले तरी पुरे.

आपला,
एक वाचक
जुळे सोलापूर