आधी माणूस नेमा, मग पायाभरणी करा

वैद्यकीय शिक्षणमंत्री, कर्नाटक शासन, यांना खुलं पत्र

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली. आयुष्यभर सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून राबले आणि नोकरीची शेवटची आठ वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. आता निवृत्त आहे. आपण हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येता, तेव्हा निवेदनांचे गठ्ठे आपल्यापुढे पडतात. त्यात माझा कागद हरवू नये म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझी मागणी अशी. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने बेळगावात स्वतःची एक संस्था काढावी. लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, डायलिसिस आणि ऑपरेशन थिएटरचे तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट आणि परिचारिका या सगळ्यांचं पदवीपर्यंतचं शिक्षण तिथे एका छताखाली व्हावं. आणि त्या संस्थेची कोनशिला बसवण्याआधी तिचा पूर्णवेळ प्रमुख नेमावा. पत्राचा उरलेला भाग बहुतेक या दुसऱ्या वाक्यासाठीच आहे.

एक रात्र सांगते. भातकापणीचे दिवस होते. ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला एक मजूर आमच्याकडे आणला. एक्स-रेचं मशिन आदल्याच वर्षी आलेलं, त्यावर फुलाफुलांचं कापड घालून ठेवलेलं. ते चालवणाऱ्याची जागा रिकामी. डॉक्टरांनी हाताने चाचपून पाहिलं, आम्ही फळी बांधली आणि त्याला बेळगावला पाठवला. त्याची बायको माझा हात धरून विचारत होती, "बाई, मशिन हाय की हितं, मग फोटो का काढत न्हाईत?" मला उत्तर देता आलं नाही. पाय वाचला, पण ती तीन-चार तासांची वाट त्याच्या वाट्याला यायचं कारण नव्हतं. मशिन विकत घेता येतं, निविदा काढली की येतं. ते चालवणारा माणूस निविदेने येत नाही. तो कुठेतरी घडवावा लागतो.

आमचा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 47 लाखांच्या वर. शहरात डॉक्टर घडतात. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे, सिव्हिल हॉस्पिटलला जोडून बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. पण अथणी, रायबागचा पेशंट आजही मिरजेची वाट धरतो. ती वाट जुनी आहे, मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तिथे रुग्णालय काढलं तेव्हापासूनची. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या आमगाव, गवाळी, पास्टोलीसारख्या गावांत पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही. आजाऱ्याला बांबूला बांधून खांद्यावरून आणावं लागतं. निपाणीच्या बायकांनी उभं आयुष्य तंबाखूच्या धुरळ्यात काढलं. बेळगाव शहरातल्या वडगाव-शहापूरचे विणकर दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात बसतात आणि पन्नाशीला ऐकू येईनासं झालं की 'वय झालं' म्हणतात. उद्यमबागेतल्या कारखान्यात हाताची बोटं गेलेल्या कामगाराला जखम भरल्यावर घरी पाठवतात; तो हात पुन्हा कामाला कसा लावायचा हे शिकवणारं त्याला कुणी भेटत नाही. या प्रत्येकाला डॉक्टर लागतो हे खरं, पण डॉक्टरनंतर जो लागतो तो इथे फार कमी आहे.

केंद्राने 2021 मध्ये या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आजवर 'पॅरामेडिकल' या एका पोत्यात कोंबलेल्या लोकांना त्या कायद्याने दहा गटांत नावं दिली. तंत्रज्ञासाठी किमान 2,000 तासांचं आणि त्यावरच्या व्यावसायिकासाठी किमान 3,600 तासांचं शिक्षण ठरवलं. मला हे फार मोलाचं वाटतं. तास मोजले की शिकवणारा लागतो, वॉर्ड लागतो, हाताखाली धरून दाखवणारा लागतो. दोन खोल्या भाड्याने घेऊन बोर्ड लावणाऱ्यांना ते जड जाईल. सरकारने करायचं तर हीच वेळ आहे.

आता प्रमुखाबद्दल. सरकारी संस्था कशा मरतात ते मी आतून पाहिलं आहे. मी जिथे शिकवत होते तिथे आठ वर्षांत सहा प्रमुख झाले आणि सहाही प्रभारी. कुणी दुसऱ्या गावचा कार्यभार सांभाळून आठवड्यातून एकदा यायचे, कुणी बदलीच्या आदेशाची वाट पाहत दिवस काढायचे. माणसं वाईट नव्हती. पण प्रभारी माणूस सही करतो, निर्णय घेत नाही. प्रयोगशाळेतली कवटी आणि हाडांचा सांगाडा मागायला आम्हाला दोन वर्षं लागली, कारण मागणीवर सही करणारा आणि ती पुढे रेटणारा एकच माणूस कधी नव्हता. शेवटी मुलींनी पुठ्ठ्याचा सांगाडा केला. तो इतका नेमका झाला होता की मी निवृत्त होताना घरी आणला. तरी सरकारी संस्थेत पुठ्ठ्यावर शिकावं लागणं मला आजही सलतं.

म्हणून विनंती, ही खुर्ची एक दिवसही प्रभाराखाली ठेवू नका. निदान पाच वर्षांची नेमणूक द्या आणि त्या काळात बदली नाही हे लेखी द्या. राहायला बेळगावात घर द्या, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी बेंगळुरूची गाडी पकडणारे प्रमुख मिळतील. पाचशे किलोमीटर लांबून शाळा चालत नाही. शिक्षक निवडण्याचा आणि ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च करण्याचा अधिकार त्याच टेबलावर असू द्या.

आणि तो प्रमुख डॉक्टरच असला पाहिजे हा आग्रह सोडा. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. मी अनेक मोठ्या मनाच्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकले, त्यांचं ऋण आहे. पण जिथे परिचारिका, तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट घडणार, तिथल्या मुलांना वरच्या खुर्चीत आपल्यातलं कुणीतरी दिसायला हवं. चांगला लॅब सायंटिस्ट असेल, नर्सिंगची प्राध्यापिका असेल, पुनर्वसनात आयुष्य घातलेली फिजिओ असेल. निवड समितीत वरिष्ठ परिचारिका आणि काम करणारा तंत्रज्ञ असू द्या, आणि एखादी आशाताईसुद्धा. कोण लोकांत बसून ऐकू शकतो हे तिला मुलाखतीच्या पाच मिनिटांत कळेल.

तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं उदाहरण आम्ही मुलींना नेहमी सांगायचो. मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी 1900 मध्ये एका खाटेपासून सुरुवात केली. 1909 मध्ये परिचारिकांची शाळा काढली, स्त्रियांची वैद्यकीय शाळा त्यानंतर, 1918 मध्ये आली. 1946 मध्ये तिथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. म्हणजे आज देशभर नाव असलेल्या त्या संस्थेत शिक्षण सुरू झालं ते परिचारिकांपासून, आणि त्यामागे काही दशकं तिथेच ठाण मांडून राहिलेली एक बाई होती. त्याच 1909 साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं आणि पुढे विधवा, निराधार बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाला धाडलं. घरंदाज बाईने परक्या माणसाला हात लावायचा ही कल्पनाही तेव्हा लोकांना सोसत नव्हती. असल्या कामाला नुसता हुशार अधिकारी पुरत नाही. घरोघर जाऊन आईबापांना 'तुमची पोर माझ्या जबाबदारीवर द्या' म्हणणारं माणूस लागतं. खानापूरच्या वाड्यांवर आजही मुलीला शिकायला बेळगावला ठेवायचं तर घरात तेच दहा प्रश्न विचारले जातात.

नेमलेल्या प्रमुखाने पहिले सहा महिने काय करावं हे सांगायचा अधिकार मला नाही, पण इच्छा सांगते. त्याने आराखडे बघत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रं पायाखाली घालावीत. कणकुंबी, जांबोटी, लोंढा, नंदगड इकडे यावं, मग निपाणी, चिकोडी, अथणी, शेवटी सौंदत्ती-रामदुर्गकडे जावं. कुठे मशिन कापडाखाली आहे, कुठे एकटी सिस्टर रात्रपाळीत प्रसूती आणि सलाईन दोन्ही सांभाळते, कुठे रक्ताचा नमुना तालुक्याला जाईपर्यंत खराब होतो, हे डोळ्यांनी पाहावं आणि त्यावरून अभ्यासक्रम ठरवावेत. एकदम दहा शाखा काढू नयेत. माझं मत विचाराल तर लॅब, डायलिसिस आणि फिजिओथेरपी या तिघांपासून सुरुवात करावी. 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात यंत्रं येत आहेत, आणि आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडावं लागणाऱ्या माणसाला जवळच्या तालुक्यात तंत्रज्ञ असणं म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारा. शेतमजुराचं तर जाण्यायेण्यात आख्खं काम बुडतं.

शिक्षक हा सगळ्यात कठीण भाग. वॉर्डात जी सिस्टर, जो टेक्निशियन विद्यार्थ्यांना हाताखाली घेतो, त्याला आज त्यासाठी एक रुपया मिळत नाही, उलट पाळी लांबते. सिव्हिलमधल्या आणि तालुका रुग्णालयांतल्या अशा लोकांना मानधन द्या, विद्यापीठाचं ओळखपत्र द्या, 'शिक्षक' म्हणा. खर्च फार नाही. मला एकदा नुसतं ओळखपत्र मिळालं असतं तरी मी दोन वर्षं उशिरा निवृत्त झाले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये सांगितलं होतं की वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं. आमच्या भाषेत, ज्यांनी एका डब्यात जेवून शिक्षण घेतलं ते वॉर्डात एकमेकांवर खेकसत नाहीत. एका छताखालची संस्था मागते आहे ती म्हणूनच.

आता भाषेचा मुद्दा, आणि तो मी जपून लिहिते. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल तिथे लागेल. मी बोलते आहे ती खाटेशेजारच्या भाषेबद्दल. आमची म्हातारी "जीव घाबरा होतोय" म्हणते तेव्हा ती भ्यालेली नसते, कधी कधी तो हृदयाचा झटका असतो. पोटात 'कळ' येणं वेगळं, 'मुरडा' वेगळा, 'भगभग' वेगळी. ठणका आणि चमक एक नव्हे. कन्नडमध्येही तसंच आहे. पुस्तकातलं 'नोवु' आमच्याकडच्या कन्नड बायकांच्या तोंडी 'बेने' असतं, जळजळीला 'उरी' म्हणतात, चक्कर आली की 'तले सुत्तु'. मी मराठी घरातली, पण बैलहोंगलच्या एका सिस्टरने मला रात्रपाळीत हे शब्द शिकवले आणि मी तिला आमचे. त्या शब्दांवर आम्ही दोघींनी किती तरी पेशंट वेळेत डॉक्टरांपुढे नेले. नव्या संस्थेत पहिल्या सत्राला मराठी आणि कन्नड या दोन्ही रुग्णभाषा सक्तीच्या असू द्या, परीक्षेसकट. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणि कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी पाठ्यपुस्तकं सारखीच अंगावर येतात. दोघांसाठी पहिले चार महिने इंग्रजीची वेगळी तयारी ठेवा. त्यात भांडण कुणाचंच नाही.

बेळगावातच 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याची धुरा वाहणारे गंगाधरराव देशपांडे मराठीतही आपले होते आणि कन्नडमध्येही. पाहुण्यांना पाणी लागणार म्हणून टिळकवाडीत विहीर खोदली, ती आजही आहे. मंडप कधीच उठला. प्रमुख शोधताना गंगाधररावांसारखं दोन्ही अंगणांत वावरणारं माणूस शोधा, एवढंच म्हणते. ते बेळगावचंच हवं असं नाही. गुलबर्ग्याचं, मंगळुरूचं असो, केरळचं असो, पण इथे राहायला येणारं आणि दोन वर्षांत दोन्ही भाषांत पेशंटशी बोलू लागणारं असावं.

1998 मध्ये राज्यभरातल्या अभियांत्रिकी शिक्षणाचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ बेळगावात आलं. म्हणजे राज्याचं काही मोठं इथे बसू शकतं हे सरकारनेच दाखवलेलं आहे. जागा मिळेल, निधीही टप्प्याटप्प्याने मिळेल. वर्ग सुरुवातीला सिव्हिलच्या आवारात भरले तरी चालतील. आम्ही तर व्हरांड्यात शिकवलेलं आहे.

येत्या अधिवेशनात आपण भूमिपूजनाची तारीख जाहीर केली नाही तरी मला वाईट वाटणार नाही. प्रमुखाच्या निवडीची जाहिरात निघाली तर मी त्या दिवशी घरात गोड करीन. ती व्यक्ती रुजू झाली की तिला कणकुंबीच्या रस्त्याने फिरवायला मी यायला तयार आहे. गुडघे दुखतात, पण एसटीने येईन. माझ्याकडे दुखण्याच्या मराठी-कन्नड शब्दांची एक वही आहे, बैलहोंगलच्या त्या सिस्टरच्या आणि माझ्या अक्षरातली. ती मी त्यांच्या हातात देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
खानापूर, जिल्हा बेळगाव