दोष एकट्या ब्राइस यंगचा नव्हे

अमेरिकन फुटबॉलमधील कॅरोलायना पँथर्स संघाने २०२३ च्या हंगामात १७ पैकी १५ सामने गमावले. त्याचे खापर नवख्या क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) ब्राइस यंगच्या माथी फोडणे अन्यायाचे आहे. तो तब्बल ६२ वेळा चेंडूसकट पाडला गेला. त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीत गार्डच्या जागी सतत नवे खेळाडू! यंगवर चालून येणारे समोरच्या संघाचे दोघे ऐनवेळी जागा बदलतात, तेव्हा सेंटर (फळीचा मधला खेळाडू) आणि त्याच्या शेजारच्या गार्डने क्षणात अडवायची माणसे वाटून घ्यायची असतात. सवय नसली की दोघेही एकाच्याच अंगावर धावतात, दुसरा मोकळा सुटतो. त्यात यंगला मिळवण्यासाठी डी. जे. मूर हा हक्काचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) शिकागोच्या संघाला देऊन टाकलेला. मग चेंडू फेकायचा कोणाकडे? प्रशिक्षक फ्रँक राईक यांना ११ सामन्यांनंतर काढले, तरी शेवटच्या दोन सामन्यांत एकही गुण मिळाला नाही.

– एक वाचक