राजीनामा लिहिण्याआधी एवढं वाच

प्रिय रोह्या,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री अडीचला आलेला, मी सकाळी डिपार्टमेंटला जाताना ऐकला. मागे कॅज्युअल्टीचा गोंगाट आणि तू कुजबुजत विचारतोयस, "सर्जरी सोडून पॅथॉलॉजीला कसा गेलास ते नीट सांग, मलाही ऑर्थो सोडून डर्माला, त्वचेकडे, जायचंय." फोनवरच बोललो असतो, पण तुला दहा मिनिटं सलग फोन धरता येत नाही आणि अशा विषयावर बोलायला लागलो की मी भरकटतो. म्हणून लिहितो.

आधी व्यवहाराचं. आपल्याकडे ब्रँच 'बदलून' मिळत नाही. ऑर्थोतून उठलो आणि डर्मात जाऊन बसलो, असा अर्जच नसतो. राजीनामा द्यायचा, नीट पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा, पुन्हा द्यायची (तेच 200 प्रश्न, 800 मार्क, चुकलं की एक वजा), पुन्हा काउन्सेलिंगच्या याद्या बघत बसायचं आणि पुन्हा जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. आधी काढलेले महिने कुणी हिशेबात धरत नाही. सीट सोडण्याचा दंड राज्यागणिक वेगळा, शिवाय कितव्या राउंडनंतर सोडली यावरही असतो, आणि तो भरेपर्यंत आपली मूळ कागदपत्रं कॉलेजच्या कपाटात. जानेवारी 2024 मध्ये एनएमसीनं, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, राज्यांना पत्र लिहिलं की हा दंड बंद करा, त्याऐवजी सोडणाऱ्याला वर्षभर त्या राज्यात प्रवेश देऊ नका. सुचवलं फक्त. मानायचं की नाही ते राज्यांच्या हातात. पीजीनंतर एक वर्ष सरकारी सेवा नाहीतर 50 लाख, हा आपला महाराष्ट्राचा बाँड वेगळा. होस्टेलवर लोक दोन्हींची खिचडी करून घाबरवतात, तिकडे लक्ष देऊ नकोस. आणि तुझी सीट एमएसची आहे हे नशीब समज. डीएनबीची, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या समांतर पदवीची, असती तर त्या कोर्सची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या डीएनबीला उभंसुद्धा केलं नसतं.

अमेरिकेत सहज बदलता येतं असं तू म्हणालास. सहज नाही रे. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात घेतात, पण जागा रिकामी असायला लागते, आधीच्या डायरेक्टरचं पत्र लागतं. वर रेसिडेंटच्या शिक्षणासाठी हॉस्पिटलला मिळणारे मेडिकेअरचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे पहिल्या ब्रँचच्या वर्षांवर बांधलेले असतात. ती वर्षं संपली की शिक्षणाच्या थेट खर्चापोटी हॉस्पिटलला त्या रेसिडेंटचे निम्मेच मिळतात. तेव्हा तिथेही कुणाच्या तरी खिशाला कात्री लागतेच.

आता माझं. सगळ्यांना वाटतं मी ड्युटीला कंटाळून पळालो. ड्युटी वाईट होती यात वाद नाही. 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला 48 तास लिहिले होते, 2024 मध्ये एनएमसीच्या टास्क फोर्सनं 74 च्या वर नकोत म्हटलं. बत्तीस वर्षांत प्रगती झाली ती कागदावरच्या आकड्याची. पण तेवढ्यासाठी मी सोडलं नसतं. युनिट बरं होतं, सर शिव्या घालायचे पण शिकवायचे.

झालं ते असं. जेआर वन म्हणजे युनिटचा हमाल, त्यामुळे ओटीतून निघालेलं स्पेसिमेन पॅथॉलॉजीत पोचवणं आणि मग "रिपोर्ट आला का" म्हणून चकरा मारणं हे माझ्याकडे. एकदा सीकमच्या कॅन्सरची राइट हेमिकोलेक्टमी झाली, म्हणजे मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला. दुसऱ्या दिवशी रिपोर्टचं विचारायला गेलो तर मॅडम ग्रॉसिंगलाच, म्हणजे स्पेसिमेन कापून तपासायला, उभ्या होत्या. आतडं उघडून, फॉर्मालिनमध्ये मुरवून बोर्डवर पसरलेलं. कापलेल्या कडांना शाई लावून झालेली. आणि त्या सुरी बाजूला ठेवून, आतड्याला धरून ठेवणाऱ्या मेसेंटरीची चरबी चिमटीत धरून, बोटांनी दाबत दाबत पुढे सरकत होत्या. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाल्या, "नोड्स, लिम्फच्या गाठी. बारा तरी मिळायला हवेत, नाहीतर तुमच्या पेशंटला नोड निगेटिव्ह कशाच्या जोरावर म्हणू?" नऊ झाले होते. मला ग्लोव्हज दिले. पिवळ्या चरबीत सगळंच मऊ लागतं, आणि मग एकदम बोटाखाली मसुराएवढं काहीतरी घट्ट सरकतं. दहावा मला सापडला. खिशात वॉर्डचा फोन वाजत होता आणि मी अकराव्याच्या मागे लागलो होतो.

ऑपरेशनला रिट्रॅक्टर धरून तासन् तास उभा होतो, तेव्हा असं काही झालं नव्हतं. ओटीत मी घड्याळ बघायचो, इथे विसरलो. पुढे पुढे रिपोर्टचं निमित्त काढून तिकडे जायला लागलो. काल हातात आलेल्या तुकड्याची मेणातली वडी, मग चार मायक्रॉनची पट्टी, मग गुलाबी-जांभळी स्लाइड. आपण पोट उघडून 'बहुतेक कॅन्सरच' म्हणतो, त्याचं उत्तर इथे लिहिलं जातं. फ्रोझनच्या वेळी, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासतात तेव्हा, तर सर्जन हात बांधून थांबलेला असतो आणि वीसेक मिनिटांत इथून शब्द जायचा असतो. मला ती खुर्ची हवी होती.

घरी अर्थातच महाभारत. बाबा म्हणाले, "एवढं शिकून लोकांची लघवी तपासणार?" त्यांच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यावरची लॅब. मी त्यांना खानोलकरांचं सांगितलं, 1941 मध्ये टाटा हॉस्पिटल निघालं तेव्हा तिथली प्रयोगशाळा उभी करणारे, भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते खानोलकर होते." मामा त्याहून पुढचा. 2023 मध्ये नीट पीजीचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला होता ना, ती बातमी त्यानं जपून ठेवलेली, "रिकाम्या राहणाऱ्या जागांसाठी सर्जरी सोडतोस?" मी एका खाजगी हॉस्पिटलात रात्रीचा आरएमओ, ड्युटी डॉक्टर, म्हणून राहिलो, दिवसा अभ्यास केला. आईनं कुणाला न सांगता सोमवार धरले होते, ते मला नंतर कळलं.

सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? दंड नाही, मामा नाही. इथे आलो तर माझी जेआर टू आपल्या कॉलेजची ज्युनिअर निघाली. फ्रेशर्सला जिला आपण गाणं म्हणायला लावलं होतं, तिला मी "मॅम, हा ब्लॉक रीकट करू का?" विचारतो. पहिले काही आठवडे जीभ वळत नव्हती. आता वळते.

आता तुझं. तू डर्मा का म्हणतोस, तर तुझ्याच शब्दांत, "रात्री झोपता येतं." रोह्या, झोप ही जेआर वनची अडचण आहे, ऑर्थोची तेवढी नाही. पहिल्या वर्षाकडे बघून ब्रँच ठरवू नकोस, तुझ्या लेक्चररकडे बघ. सकाळी ओपीडी, मग ओटी, संध्याकाळी प्लास्टरमधले पेशंट, हा दिवस तुला पुढची तीस वर्षं हवासा वाटतो का? मला माझ्या सर्जरीच्या लेक्चररचा दिवस नको होता, तो कितीही हुशार आणि सुखी असला तरी. तू मात्र मार्चमध्ये मला मध्यरात्री उठवून एका आजींच्या मोडलेल्या मनगटाचे दोन एक्स-रे पाठवलेस, आधीचा आणि नंतरचा, आणि खाली लिहिलंस, "एकट्यानं रिड्यूस केलं, बघ अलाइनमेंट!" डर्माबद्दल तू मला आजवर असं काही पाठवलेलं नाहीस. चामखीळसुद्धा नाही.

तुझा तो सीनिअर मात्र वेगळी गोष्ट. तो हात उचलतो म्हणालास, त्याला ब्रँच बदलणं हे उत्तर नाही, लेखी तक्रार हे आहे. तारीख-वारासकट आजपासून टिपून ठेव. मसुदा मी करून देतो, मार्डच्या, रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या, पोरांशीही बोलतो. एकट्यानं एचओडीकडे जाऊ नकोस.

आणि राजीनामा नवी बॅच येईपर्यंत लिहू नकोस. खाली दोन जेआर वन आले की चार रात्री झोप, हाडाला पट्टी बसवायची एखादी प्लेटिंग स्वतःच्या हातानं कर, आणि तरीही डर्माच वाटलं तर सांग, माझ्या नोट्स आणि टेस्ट सिरीजचा पासवर्ड तुझाच. तोवर ॲडमिशनच्या वेळी सही केलेल्या बाँडपेपरचा फोटो पाठव, दंडाचं कलम मला बघायचंय. दोन्ही पानांचा काढ, अटी मागच्या पानावर असतात.

तुझाच,
रूम पार्टनर