नजर अडखळते ती जागा

चोपडा
१२ मार्च

प्रिय मित्रा,

तुझ्या लळिंग किल्ल्याच्या फोटोतला रस्ता काप असं लोक म्हणाले, म्हणून परवा फोनवर ‘आता फोटो कोणालाच दाखवणार नाही’ असं म्हणालास आणि तेवढ्यात रेंज गेली. तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही. दादर ज्वारीची कापणी चालू आहे, दिवसभर शेतातच होतो. आता जेवण उरकून निवांत लिहायला बसलोय.

तुझ्यासारखा दिवस माझ्यावरही येऊन गेला, तुला बोललो नव्हतो. जानेवारीत जळगावला आम्ही फोटो काढणारे सात-आठ जण एकाच्या घरी जमलो होतो. आमची रीत अशी की प्रिंट सतरंजीवर मांडायच्या, बाकीच्यांनी बोलायचं आणि ज्याचा फोटो त्याने गप्प ऐकायचं. मी तीन प्रिंट नेल्या होत्या. पहिल्यात आमच्या शेतातून दिसणारा सकाळचा सातपुडा, दुसऱ्यात चांगदेवजवळचा तापी-पूर्णेचा संगम, आणि तिसऱ्यात नुसतं नांगरलेलं काळं रान.

सातपुड्यावर पहिलाच शेरा आला, ‘किती रंग चढवलास भो! सॅच्युरेशन कमी कर.’ मी रंगाला हातसुद्धा लावला नव्हता. संगमाचं पाणी उजवीकडे सांडतंय, असं दुसरा म्हणाला. रानाच्या फोटोवर तर एका जुन्या, मानाच्या माणसाने एवढंच म्हटलं, ‘यात आहे काय? एक झाड तरी हवं होतं.’ परतीच्या एसटीत बसलो. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडताना मी दरवेळी मान वळवून पाहतो, त्या दिवशी पाहिलं नाही. घरी आल्यावर प्रिंट कपाटावर उलट्या ठेवून दिल्या.

आठवडाभराने त्या काढल्या आणि दुसऱ्या कोणाच्या असाव्यात तशा पाहायला लागलो. संगमाचं क्षितिज खरंच कललेलं होतं. हतनूर धरणाच्या फुगवट्याचं एवढं शांत पाणी, पण ते तिरकं आहे हे दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते सरळ केलं, विषय संपला. सातपुड्यापाशी मात्र बराच वेळ अडलो. आकाश मधोमध गडद निळं आणि दोन्ही कडांना फिकट होतं. रंग कमी करून पाहिले तरी तो डाग जाईना. मग उलगडलं की हे लेन्सवर लावलेल्या पोलरायझर फिल्टरचं काम आहे. सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, डोंगर आपल्या उत्तरेला, म्हणजे मी नेमका त्याच पट्ट्याकडे तोंड करून उभा. त्यात लेन्स १८ मिलिमीटरवर, एवढ्या रुंद आकाशात सगळीकडे सारखा परिणाम कसा होणार? आता तिथे मी फिल्टर काढूनच ठेवतो.

म्हणजे बघ, ‘सॅच्युरेशन कमी कर’ म्हणणाऱ्याने सांगितलेला इलाज चुकीचा होता, पण त्याची नजर जिथे अडखळली ती जागा खरी होती. मला राग आला तो इलाजाचा, आणि त्या रागात मी जागाही नाकारत होतो. हे कळल्यापासून ऐकणं सोपं झालंय. कोणी काही म्हटलं की मी एवढंच विचारतो, तुझी नजर कुठे थांबली? पुढे काय करायचं ते माझं मी बघतो.

काळ्या रानाचं सांगतो, कारण तो फोटो माझ्या सगळ्यात जवळचा. झाड मी घालणार नाही. फाल्गुन-चैत्रात नांगरून तापायला टाकलेलं आपलं रान असंच असतं, नजर जाईल तिथवर काळी ढेकळं. तेच दाखवायचं होतं. पण मी तो भर दुपारी काढला होता. डोक्यावरच्या उन्हात एकाही ढेकळाला सावली नाही, आणि क्षितिज बरोबर मध्ये. गेल्या आठवड्यात दिवस उगवायच्या आधी जाऊन उभा राहिलो. ऊन तिरपं आलं तसा नांगराचा एकेक तास उठून दिसायला लागला. क्षितिज वर घेतलं, आकाशाची फक्त बोटभर पट्टी ठेवली. त्या मानाच्या माणसाला दाखवला, त्यांना अजूनही झाड हवंच आहे. असू दे. तो फोटो असाच राहील.

आणखी एक सांगायचंय, आणि ते सांगताना जीव जड होतो. मागच्या पावसाळ्यात कॉलेजातला एक मुलगा मनुदेवीच्या धबधब्याचे फोटो घेऊन आला होता. पाणी दुधासारखं दिसावं म्हणून त्याने दुपारीच शटर जास्त वेळ उघडं ठेवलं आणि सगळं पांढरंफटक झालं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘आधी कॅमेरा शिक.’ पुढच्या दोन्ही वेळा तो आला नाही. त्याला उजेड कमी करणारा एनडी फिल्टर नाहीतर सकाळची सावली, एवढंच सांगायला हवं होतं. जानेवारीनंतर त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, माझा फिल्टर त्याला वापरायला दिला. तो परत येईल की नाही, अजून कळत नाही.

आता तुझ्या लळिंगच्या फोटोबद्दल. इतकी वर्षं तुझ्या प्रत्येक फोटोला मी ‘भारी’ म्हणत आलो, तेही चुकलंच, कारण त्यात मी नीट पाहतच नव्हतो. या खेपेस अर्धा तास पाहिला. माझीही नजर आधी महामार्गावरच्या ट्रकांच्या दिव्यांच्या रेषांवर गेली आणि तिथेच राहिली, किल्ला अंधारात गेलाय. पण तुला म्हणतात तसा रस्ता कापू नकोस. मुंबई-आग्रा रस्ता लळिंगच्या पायथ्यालाच आहे, तो काढलास तर किल्ला कुठलाही होईल. दिवस मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, आकाशात उजेड असेपर्यंत काढून बघ. गडाची कड सुटी दिसेल आणि दिवेही लागलेले असतील. मला असं वाटतं. पटलं नाही तर सोड.

आखाजीच्या सणाला येशील तेव्हा लळिंगची प्रिंट घेऊन ये, मोबाईलवर दाखवू नकोस. मी रानाची काढून ठेवतो. वहिनींना नमस्कार सांग, आणि कापणी उरकली की दादर पाठवतो म्हणावं.

तुझाच,
शाळेपासूनचा सोबती