उजवा गुडघा आधी

चि. मंदारस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तिसऱ्यांदा "आई, तारीख घे" म्हणालास आणि मी तिसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शिट्टी झाली नव्हती. फोनवर तू ऐकून घेत नाहीस आणि मी धड सांगत नाही, म्हणून लिहायला बसले. गुडघा बदलायचं ऑपरेशन करायचं ठरलं आहे. पण कसं ठरलं तेही वाच, नाहीतर तुझ्या तगाद्याने ठरलं असं तुला वाटेल.

गेल्या महिन्यात तुझे बाबा साहित्य संघातल्या नाटकाची तिकिटं काढू का विचारत होते. मी नेहमीसारखं म्हटलं, "नको, हल्लीची नाटकं पूर्वीसारखी राहिली नाहीत." ते चष्मा पुसत म्हणाले, "हल्लीचं कुठलं पाहिलंस?" मला एक नाव सांगता येईना. चार वर्षांत तिथे पाऊल टाकलेलं नाही. रात्री पडल्या पडल्या मोजायला लागले. भुलेश्वरला जात नाही, तर म्हणे 'गर्दी फार'. दादरला मावशीकडे जात नाही, तर म्हणे 'ती सुनेच्या तक्रारी सांगत बसते'. हळदीकुंकू तर काय, 'आता कोण करतं ते'. ही कारणं माझी नव्हेतच रे, गुडघ्याची आहेत. दुखतं हे मी कधी लपवलं नाही, पण त्याच्यापायी इतकं खोटं बोलते हे मलाच ठाऊक नव्हतं.

गणपतीत आलास तेव्हा तू मला जिना चढताना पाहिलंस. उतरताना पाहायला हवं होतंस. आपल्या बावन्न लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. मी आता उलटी उतरते, तोंड जिन्याकडे, दोन्ही हात कठड्यावर, शिडीवरून उतरावं तशी. खाली दूधवाला उभा असला की तो बाजूला होतो आणि मुद्दाम दुसरीकडे बघतो. त्याचं ते दुसरीकडे बघणं मला फार लागतं.

बारा वर्षांत करायचं काही ठेवलं नाही. नारायण तेल, भिजवलेल्या मेथ्या, नी कॅप, फिजिओ. जेलच्या इंजेक्शनाने सहा महिने बरे गेले, पुन्हा तेच. दुखण्याच्या गोळ्यांनी भागत होतं, पण मार्चमध्ये रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण, आणि त्या बंद झाल्या.

तू नंबर दिलेल्या ठिकाणी गेलो होतो. तिथे एक्सरे उजेडावर धरायच्या आधीच "दोन्ही एकदम उरकून टाका" झालं आणि काउंटरवरच्या मुलाने पॅकेजचा कागद पुढे केला. वर 'इम्पोर्टेड सांध्याचे' वेगळे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोमचा साधा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला, एवढं तुझे बाबा पेपरातून कापून ठेवून होते. त्यांनी विचारलं, सांध्याची किंमत बिलात वेगळी दाखवणार का? मुलगा म्हणाला, सरांशी बोला. आम्ही घरी आलो.

दुसरे डॉक्टर परळचे, वयस्कर. त्यांनी मला आधी चालायला लावलं, मग पडायला सांगून पाय हळूहळू दुमडला. म्हणाले, "एक्सरे वाईटच आहे, गादी संपून हाडाला हाड घासतंय. पण नुसत्या त्यावर मी ठरवणार नाही. तुम्ही काय काय सोडलंत ते सांगा." मी नाटकांपासून सुरुवात केली!

आपल्याकडे सगळे 'वाटी बदलली' म्हणतात ना, ती वाटी पुष्कळदा तशीच ठेवतात म्हणे. मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीचं डोकं थोडं तासून त्यांवर धातू बसवतात, मधे प्लॅस्टिकची गादी. दहातले आठ सांधे पंचवीस वर्षं टिकतात. म्हणजे मी ब्याण्णवची होईपर्यंत, फार झालं. हेही त्यांनी आपणहून सांगितलं की दहातल्या एकदोघांना नंतरही मनासारखा आराम पडत नाही. हे ऐकल्यावर मला त्यांचा जास्त भरवसा वाटला. डावा अजून चालवून घेता येईल, म्हणून आधी फक्त उजवा.

मांडी घालून बसणं मात्र कायमचं सुटणार. पूजा खुर्चीवरून, देवाला चालेल. खरी अडचण गॅलरीच्या टोकाच्या संडासाची. तिथे उकिडवं बसायचं आणि तेच नाही करायचं. कमोडची खुर्ची आणवली आहे, पण सुरुवातीचे दोन महिने मी मुलुंडला सुधामावशीकडे राहणार. लिफ्ट आहे, घरात कमोड आहे. बंगळूरला येणार नाही. टाके काढायला आणि दाखवायला डॉक्टर जवळ हवेत, आणि तुझ्याकडे दिवसभर मी भिंतींशी काय बोलू?

दातांचं काम झालं, कारण दातातला जंतू सांध्यात जाऊ शकतो. साखर आटोक्यात आहे, वजन पाच किलोने उतरलं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायचा व्यायाम आत्तापासूनच करते.

तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली मिळतेय. त्या दिवशी तू येऊ नकोस. रागावू नकोस, नीट वाच. त्या दिवशी अख्खी चाळ येईल, थर्मास येतील, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून मला उभी करतील तेव्हा टाळ्यासुद्धा वाजतील. समोरच्या वहिनींचं मी पाहिलंय. तिसऱ्या आठवड्यात कोणी नव्हतं, आणि फिजिओवाली पाय दुमडायची तेव्हा त्या उशी तोंडात धरून रडायच्या. तुझी रजा त्या आठवड्याला टाक. मी 'आज राहू दे' म्हणेन, तेव्हा ऐकू नकोस.

प्रियाला मुलुंडचा पत्ता कळव. बाबांनी जानेवारीअखेरची दोन तिकिटं काढायचं मनात धरलंय. मी त्यांना फेब्रुवारी म्हटलंय, आणि कोपऱ्यातल्या खुर्च्या.

तुझी,
आई