लेखनवर्गाच्या बाईंना खुले आभारपत्र

आदरणीय बाईंस,

सविनय नमस्कार.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी आपण आम्हाला आभारप्रदर्शन करू दिले नाहीत. "वेळ उरला असेल तर आणखी एकाचे वाचून घेऊ," असे म्हणून आपण कार्यक्रमपत्रिकेतील ती ओळ खोडलीत आणि खरोखरच आणखी एकाचे वाचून घेतलेत. म्हणून जे त्या दिवशी बोलायचे राहिले ते या पत्रात लिहीत आहे. पत्र खुले ठेवले आहे ते अशासाठी, की प्रौढांसाठी विनामूल्य लेखनवर्ग आणि छोट्या साहित्यसभा चालवण्याची इच्छा अनेकांना असते, परंतु असा वर्ग चांगला चालतो तो नेमका कशामुळे, हे सांगणारे कोणी भेटत नाही. आपण स्वतः ते कधी सांगणार नाही, तेव्हा आपल्या विद्यार्थिनीने सांगावे हे बरे.

चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाला "मला लिहायला शिकायचे आहे" असे म्हणणे किती अवघड जाते, याची कल्पना ज्याने ते म्हटले आहे त्यालाच येऊ शकते. घरच्यांना ते खूळ वाटते, कामाच्या ठिकाणी सांगण्याची सोय नसते आणि शाळा सुटून इतकी वर्षे झालेली असतात की वही-पेन घेऊन बाकावर बसण्याचाच संकोच वाटतो. आपण हा संकोच ओळखला होता. नावनोंदणीच्या कागदावर नाव, फोन नंबर आणि "काय लिहावेसे वाटते?" एवढेच तीन रकाने होते, शिक्षणाचा आणि व्यवसायाचा रकाना आपण ठेवलाच नव्हता. त्यामुळे कोण किती शिकले आहे हे आम्हाला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हते, आणि ते कळेपर्यंत आम्ही एकमेकांना लेखनावरून ओळखू लागलो होतो. निवृत्त मुख्याध्यापक, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, आठवीत शाळा सुटलेल्या एक आजी आणि बँकेत नोकरी करणारा तरुण हे सारे एकाच वर्तुळात बसत होते. त्यांतील कोणालाही कोणापुढे कमीपणा वाटला नाही, याचे श्रेय मी त्या न ठेवलेल्या दोन रकान्यांना देते.

फुकट मिळणाऱ्या शिक्षणाविषयी एक समज सर्रास आढळतो. पैसे घेतलेले नाहीत, तेव्हा शिकवणाऱ्याने फार मनावर घ्यायचे नाही आणि शिकणाऱ्यानेही जमले तर जायचे, असा तो समज. आपण पहिल्याच दिवशी सांगितलेत की वर्गाला फी नाही, पण अट आहे: दर आठवड्याला एक पान लिहून आणायचे आणि सोबत्याचे एक पान घरी वाचून, त्यावर विचार करून यायचे. ही अट ऐकून काही जण पुन्हा आले नाहीत. आपण अट सैल केली नाहीत. मात्र जे आले नाहीत त्यांना फोन करून, वेळेची अडचण आहे की भीतीची, हे विचारलेत, आणि ज्यांची अडचण भीतीची होती ते त्यानंतर आले.

या कडक शिस्तीमागे प्रौढशिक्षणाची जुनी परंपरा आहे, असे आपण एकदा बोलता बोलता म्हणालात, म्हणून मी त्याविषयी मिळेल ते वाचले. इंग्लंडमध्ये १९०३ साली आल्बर्ट मॅन्सब्रिज आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी कामगारांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, ती पुढे वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि तिचे आरंभीचे भांडवल म्हणजे घरखर्चातून बाजूला काढलेले अडीच शिलिंग. १९०८ साली याच संस्थेसाठी आर. एच. टॉनी यांनी रॉचडेल आणि लाँगटन या गावांत वर्ग सुरू केले. प्रत्येक वर्ग दोन तासांचा असे, एक तास व्याख्यानाचा आणि एक तास चर्चेचा. येणाऱ्यांनी तीन वर्षे टिकून राहण्याचे कबूल करायचे आणि दर पंधरवड्याला निबंध लिहून द्यायचा, असा नियम होता. दिवसभर कारखान्यात राबून आलेल्या माणसांकडून ही अपेक्षा धरणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा मान राखणे होय, आणि आपण आमचा तसाच मान राखलात. आम्हाला सोपे करून, गोड बोलून, पाठ थोपटून परत पाठवले नाहीत.

आता आपल्या पद्धतीविषयी, कारण मला सर्वांत अधिक लिहायचे आहे ते तिच्याविषयी.

प्रत्येक वर्गाची सुरुवात दहा मिनिटांच्या लेखनाने होई. पेन थांबवायचे नाही, खोडायचे नाही, मागे वळून वाचायचे नाही. काही सुचले नाही तर "काही सुचत नाही" असेच लिहीत राहायचे. ही मुक्तलेखनाची पद्धत पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे सर्वदूर पोहोचली, आणि त्याच एल्बोंना तरुणपणी लिहिणेच जमेनासे झाल्यामुळे डॉक्टरेटचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला होता, ही हकिकत आपण सांगितलीत तेव्हा वर्गातल्या अनेकांचे खांदे सैल झालेले मी पाहिले. शुद्धलेखनाची धास्ती आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात शाळेपासून घर करून होती. ऱ्हस्व-दीर्घाकडे आपण दुर्लक्ष केले नाहीत, पण ते शेवटच्या खर्ड्यापर्यंत लांबणीवर टाकलेत. आधी म्हणणे कागदावर येऊ द्या, वेलांट्या-उकार कुठे पळून जात नाहीत, हे आपले शब्द आजींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

त्यानंतर वाचन आणि चर्चा. वाचणाऱ्याने चर्चा संपेपर्यंत बोलायचे नाही, कारण पुस्तक वाचकाच्या हाती गेल्यावर लेखक त्याच्या शेजारी बसून खुलासा करू शकत नाही. ऐकणाऱ्यांनी आधी आपल्या मनात काय राहिले ते सांगायचे, मग पडलेले प्रश्न विचारायचे, आणि सूचना सर्वांत शेवटी, तीही वाचणाऱ्याने मागितली तरच. "छान आहे" आणि "आवडले नाही" हे दोन शेरे वर्गात चालत नसत. सुरुवातीला हा क्रम कृत्रिम वाटला, पण त्याचे बळ मला ज्या दिवशी कळले तो प्रसंग येथे सविस्तर लिहिण्यासारखा आहे.

वर्गातल्या एका गृहस्थांनी आपल्या वडिलांवर लिहून आणले होते. "माझे वडील अतिशय कष्टाळू आणि प्रेमळ होते. त्यांच्या उपकारांची फेड या जन्मी होणे नाही," अशी सुरुवात होती आणि पुढचे पानभर मजकूर त्याच वळणाचा होता. वाचून झाल्यावर मनात काय राहिले, या प्रश्नाला कोणालाच उत्तर देता येईना. ती शांतता आपण लांबू दिली नाहीत. "वडील कामावरून घरी आल्यावर सर्वांत आधी काय करायचे?" एवढेच आपण विचारलेत आणि चर्चेत न बोलण्याचा नियम त्यांच्यापुरता बाजूला ठेवलात. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग सांगू लागले. पुढच्या आठवड्यात त्यांनी जे लिहून आणले त्याची सुरुवात, त्यांच्या परवानगीने, अशी देते: "रात्रपाळी संपवून वडील पहाटे घरी येत. दाराबाहेरच ते बूट काढून हातात घेत आणि आमच्या अंथरुणांमधून वाट काढत आत जात. मला जाग आलेली असे, पण मी डोळे मिटून पडून राही. आपल्यामुळे मुलाची झोप मोडली असे त्यांना वाटू नये म्हणून." वाचून झाल्यावर त्यांनी आपल्याला विचारले, "यात प्रेमळ हा शब्द कुठे घालू?" आपण उत्तर दिले नाहीत, वर्गाकडे पाहिलेत. वर्गाने एकमुखाने सांगितले की घालू नका. लेखनाविषयी मला जे काही कळले आहे त्यातला मोठा भाग त्या अर्ध्या तासातला आहे, आणि तो व्याख्यानातून मिळाला नसता याची मला खात्री आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल आपले आभार मानायला हवेत, कारण ती करणारे थोडे असतात. प्रौढ माणसे लिहू लागली की दुःख बाहेर येते, आणि आमच्याही वर्गात ते आले. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाविषयी आपण आम्हाला सांगितलेत: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या घटनेबद्दल घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात इतरांपेक्षा कमी वेळा गेले. परंतु त्याच विद्यार्थ्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक उदास वाटले होते, हेही आपण लपवले नाहीत. लेखनवर्ग म्हणजे उपचार नव्हे, असे आपण स्पष्ट सांगितलेत. पतीच्या आजारपणावर लिहिणाऱ्या ताईंना वाचताना पुढे जाववेना, तेव्हा आपण टाळ्या वाजवू दिल्या नाहीत आणि धीराचे भाषणही केले नाहीत. "आज येथपर्यंत पुरे, पुढचे तुम्हाला वाटेल तेव्हा," असे म्हणून आपण पुढच्या वाचकाकडे वळलात आणि वर्ग सुटल्यावर त्यांच्यासोबत बसलात. पुढे त्यांनी ते लिखाण पूर्ण केले. ते वर्गात वाचायचे नाही असे त्यांनी ठरवले, आणि आपण त्या निर्णयालाही तितकाच मान दिलात.

मासिक वाचनसभेविषयी थोडे. प्रत्येकाला पाच मिनिटे, क्रम चिठ्ठ्या टाकून, प्रमुख पाहुणे नाहीत, व्यासपीठही नाही. एकदा एक प्रथितयश कथालेखक आले, तेव्हा त्यांनाही आपण चिठ्ठी उचलायला लावलीत आणि त्यांचे नाव आमच्या सुरक्षारक्षक काकांच्या नंतर आले. श्रोत्यांना कागदाच्या पट्ट्या देऊन, लक्षात राहिलेले एक वाक्य वाचकाच्याच शब्दांत लिहून द्यायला सांगण्याची कल्पना मला फार मोलाची वाटते. काकांना त्या दिवशी मिळालेल्या पट्ट्यांपैकी निम्म्यांवर एकच वाक्य होते, आणि आपण कुठे चांगले लिहिले आहे हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. साहित्यिक कार्यक्रमांत श्रोता म्हणून बसण्याची मला सवय होती. ज्यांचे ऐकायचे ते आणि ऐकणारे एकाच रांगेतून उठून येतात असा कार्यक्रम मात्र मी प्रथमच पाहिला.

हे वाचणाऱ्या ग्रंथालयांच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना मला सांगावेसे वाटते की यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. एक खोली, दर आठवड्याला तोच वार आणि तीच वेळ, पंधराहून अधिक माणसे न घेण्याचा संयम, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतल्या प्रती, आणि ज्या आईला मूल घरी ठेवता येत नाही तिच्यासाठी कोपऱ्यात एक सतरंजी. खोली देण्याबाबत कोणी का-कू केल्यास त्यांना युनेस्को आणि ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा १९९४ सालचा सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनामा दाखवावा. ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी असे त्यात म्हटले आहे, आणि व्यक्तीच्या सर्जनशील विकासाला संधी देणे हे ग्रंथालयाच्या कर्तव्यांत गणले आहे. लेखनवर्ग हा ग्रंथालयाच्या कामाचाच भाग आहे. त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहण्याचे कारण नाही. कठीण गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे दर आठवड्याला पंधरा पाने शब्द न् शब्द वाचून येणारी व्यक्ती मिळणे. आपण एकदाही कोणाचे पान न वाचता आला नाहीत. आमच्या कागदांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले आपले बारीक प्रश्न मी जपून ठेवले आहेत, आणि आता काहीही लिहिताना तसे प्रश्न मी स्वतःला विचारून पाहते.

पुढच्या तुकडीची नावनोंदणी सुरू झाल्याचे कळले. पहिल्या महिन्यात पाने वाचण्याचे ओझे आपल्या एकट्यावर पडू नये म्हणून आजी, काका आणि मी, आम्ही तिघांनी प्रत्येकी तीन पाने वाचायला घ्यावीत असे ठरवले आहे. आपण होकार दिलात तर पहिल्या दिवशी खुर्च्या मांडायलाही आम्ही अर्धा तास आधी येऊ. आपले पेन्सिलीचे प्रश्न कसे तयार होतात हे मात्र आम्हाला एकदा शेजारी बसवून दाखवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
वर्गातील एक विद्यार्थिनी